खोकल्याची जागा

“बिघडला का तिचा कान?”

असंच विचारलं होतं त्यांनी? की “मी बिघडवला का तिचा कान?” असं? डॉ. दिगंबर उकिडवे यांना आता खात्रीनं सांगता येत नाही. म्हातारपणी माणूस आठवणींतसुद्धा स्वतःला सांभाळून घेतो, हे त्यांनी कॉलेजात तीस वर्षं शिकवलं. त्यामुळे पहिलाच, जरा सौम्य प्रश्न आपण विचारला असणार असं वाटू लागलं की लगेच त्यांना त्याचा संशय येतो.

अंबूताईंचं उत्तर मात्र त्यांना नेमकं आठवतं. दोनच शब्द होते. आणि ते ताईंनी लगेच दिलं नव्हतं.

त्या वेळी त्या व्हायोलिनच्या गजाला राळ लावत होत्या.

“कुणाचा कान?” एवढंच म्हणाल्या.

“शमूचा. माझ्या नातीचा.”

“हं...”

राळ घासल्याचा खरखर आवाज तेवढा येत राहिला. बाहेर पायरीवर शमू बसली होती. सात वर्षांची. पाठ दाराकडं.

उकिडव्यांच्या मांडीवर एक कापडी पिशवी होती. पिशवीत टेपरेकॉर्डर होता.

शमू म्हणजे शाल्मली. तिच्या आईला बाळ होणार होतं, त्यातच बाबांची दूर बदली झाली, म्हणून शमूला काही महिने सांगलीला आजीआजोबांकडं ठेवलं होतं. आली आणि गप्प झाली. रडायची नाही, हट्ट करायची नाही. काही विचारलं तर मान हलवायची. उकिडवे प्रायोगिक मानसशास्त्राचे प्राध्यापक, ऐकलेलं मुलांच्या लक्षात कसं राहतं यावर त्यांची पीएच.डी. घरात एक गप्प मूल वावरतंय आणि आपल्याला त्याचं काही करता येत नाही, या विचारानं त्यांना जेवण जाईना.

शेजारच्या कागवाड्यांची रेवती मिरजेला अंबूताईंकडं व्हायोलिन शिकायला जायची. “हिलाही नेऊन बघू या,” कुमुदबाई, उकिडव्यांच्या पत्नी, म्हणाल्या. “बोलत नाही तर नाही. वाजवेल तरी.”

अंबूताईंच्या दोन खोल्या तंतुवाद्यं करणाऱ्यांच्या गल्लीमागं होत्या. शेजारच्या गच्चीवर तंबोऱ्यांचे भोपळे वाळत पडलेले. ताईंची एक रीत होती. पहिलं वर्षभर व्हायोलिन घरी न्यायचं नाही. वाद्य ताईंकडं राहील, घरी जाईल ती कॅसेट. ताईंनी स्वतः वाजवून भरलेली, वर त्यांच्या तिरप्या अक्षरात मुलाचं नाव.

“जेवताना लावा. खेळताना लावा. वेणी घालताना लावा,” त्या म्हणाल्या होत्या. “फक्त ‘ऐक’ म्हणू नका.”

“अगदी शास्त्रशुद्ध पद्धत आहे, ताई,” उकिडवे खूश होऊन म्हणाले. “माझा प्रबंधच या विषयावर आहे. लक्ष न देता वारंवार कानावर पडलेलं जे असतं...”

“तुम्ही डॉक्टर?”

“त्या अर्थानं नाही.”

“मग बरं. नाहीतर पथ्य सांगितलं की डॉक्टर लोकांना आवडत नाही.”

तेव्हापासून त्या त्यांना ‘डॉक्टर’ म्हणू लागल्या. त्यात थट्टा किती आणि मान किती, हे उकिडव्यांना शेवटपर्यंत कळलं नाही.

त्या पहिल्या दिवशी ताईंनी शमूला गायला सांगितलं नाही, वाजवायलाही नाही. म्हणाल्या, “गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत जा, आणि तिथून मला हाक मार.”

शमू गेली. बराच वेळ काहीच आलं नाही. मग एक भरड, घोगरी हाक आली.

“ताईऽऽ...”

“परत.”

“ताईऽऽ...”

ताई हाका ऐकत ऐकत व्हायोलिनच्या खुंट्या पिळत बसल्या होत्या. वाद्य उतरलं असेल, असं उकिडव्यांना वाटलं. ते घड्याळ बघत होते, सांगलीची बस चुकेल म्हणून.

“कॅसेट पुढच्या खेपेला न्या,” ताई म्हणाल्या.

“आज नाही मिळणार?”

“भरायची आहे अजून.”

कॅसेट आली. घरात वाजू लागली. भूपाची साधी गत, सावकाश, मुलाला पाठोपाठ चालता येईल अशी. बरेच दिवस काही झालं नाही. मग एका सकाळी दूध पिता पिता शमू गुणगुणली.

कुमुदबाई पोळपाटापुढून उठून दारात येऊन उभ्या राहिल्या.

गत संपता संपता कॅसेटमध्ये एका जागी ताईंना खोकला आला होता. त्यांनी तो तसाच ठेवला होता. शमू त्या जागेपर्यंत आली आणि खोकली. नेमकी तिथं. तेवढंच. मग पुढची ओळ.

त्यानंतर ती बोलायला लागली. रविवारी आईचा फोन आला की आई म्हणायची, “शमू, खोकून दाखव.” शमू गत गुणगुणत खोकल्याच्या जागेपर्यंत जायची, खोकायची, आणि फोनच्या दोन्ही टोकांना हसू फुटायचं.

सगळं सुरळीत होतं. उकिडव्यांना सुरळीत फार काळ सोसत नाही.

एका दुपारी ते कागवाड्यांचा डबा परत द्यायला गेले. आत रेवतीची कॅसेट चालू होती. तीच गत, तोच हात. पण काहीतरी निराळं होतं. ते घरी आले, कुमुदबाईंची पेटी उघडली आणि एकेक पट्टी दाबून बघितली. पुन्हा शेजारी गेले, ऐकून आले, पुन्हा पेटी. रेवतीच्या कॅसेटचा सा काळी दोन. शमूच्या कॅसेटचा काळी एक. पुरा एक स्वर खाली.

म्हणजे आपलं टेपचं यंत्र हळू चालतं, म्हणून सूर खाली येतो.

सहा महिने. सहा महिने आपण या पोरीच्या कानात रोज चुकीचा सूर ओततो आहोत. ऐकलेलं कानात कसं ठसतं आणि ठसलेलं कसं पुसता येत नाही, याबद्दल आपणच लिहिलेली वाक्यं त्यांना पाठ होती. ती आता एकेक करून समोर येऊन उभी राहू लागली.

“अहो, पोर गातेय ना?” कुमुदबाई म्हणाल्या.

“चुकीचं गातेय.”

“मला गोड लागतं.”

“तुला लागेल. प्रश्न तो नाही.”

“मग कुठला आहे? त्या यंत्राच्या का मागं लागलाय तुम्ही?”

यंत्राच्या मोटरला मागच्या बाजूला एक बारीक भोक असतं. आत इवलासा स्क्रू. तो फिरवला की वेग बदलतो. उकिडव्यांनी शमूची कॅसेट लावली, पेटीची काळी दोन दाबून धरली, आणि दोन्ही एक होईपर्यंत स्क्रू फिरवला. झालं. त्यांना हलकं वाटलं.

संध्याकाळी त्यांनी कॅसेट लावली. शमू चित्र रंगवत होती. तिनं मान वर केली. खोकल्याची जागा आली, गेली. ती खोकली नाही.

“ही कुणाची?”

“तुझीच, बाळा. आता बरोबर झालीय.”

“ताई अशा खोकत नाहीत,” शमू म्हणाली, आणि दोन्ही हातांनी कान झाकले.

दुसऱ्या दिवशी दूध पिताना घरात शांतता होती.

तिसऱ्या दिवशीही.

उकिडव्यांनी स्क्रू मागं फिरवला. पण आधी तो कुठं होता? खूण केली नव्हती. पेटीवर काळी एक धरून त्यांनी वेग जुळवला. शमूनं मान हलवली. नाही. केसभर पुढं. नाही. केसभर मागं. मग तिनं त्या खोलीत यायचंच सोडलं.

रविवारी फोन आला. “शमू, खोकून दाखव.” शमूनं रिसीव्हर कानाला धरला, थोडा वेळ तशीच उभी राहिली, आणि तो हळूच टेबलावर ठेवून निघून गेली. रिसीव्हरमधून आईचा बारीक आवाज येत राहिला... “शमू? शमू?”

त्या रात्री उकिडव्यांना झोप लागली नाही. मूल पुन्हा गप्प झालं होतं, आणि या वेळी त्याचं कारण त्यांना माहीत होतं.

सकाळीच त्यांनी यंत्र पिशवीत घातलं, शमूचा हात धरला आणि मिरजेची बस पकडली.

“...तर असं आहे, ताई. म्हणून विचारतो. आणि बिघडला असेल तर तो सुधारतो का?”

ताईंनी राळ डबीत ठेवली.

“परवा माझ्याकडंही गज मांडीवर ठेवून बसून राहिली,” त्या म्हणाल्या. “मी काही विचारलं नाही. आता कॅसेट लावली की काय करते?”

“कान झाकते.”

“मग बरं आहे.”

“बरं?”

“झाकले नसते तर काळजी होती.”

उकिडव्यांना हे उडवून लावल्यासारखं वाटलं. अशा वेळी शिकलेला माणूस जे करतो ते त्यांनी केलं. शिक्षण पुढं केलं.

“ताई, तुम्हाला कल्पना नसेल. मी एकशे चाळीस मुलांवर प्रयोग केले आहेत.”

“गाणाऱ्या?”

“नाही. त्यांना आम्ही आकडे ऐकवायचो. मग ते उलट्या क्रमानं म्हणायला लावायचो.”

“उलट्या?”

“हो.”

“बिचारी,” ताई म्हणाल्या.

“कान झाकायच्या आधी ही काय म्हणाली तुम्हाला?” त्यांनी विचारलं.

“विशेष काही नाही. म्हणाली, ताई अशा खोकत नाहीत.”

ताईंना हसू आलं. हसता हसता खोकला लागला. त्या पदरात तोंड धरून बराच वेळ खोकल्या. बाहेर पायरीवर शमूची पाठ जराशी हलली.

“आणि तुम्ही काय म्हणालात?”

“मी म्हणालो, आता बरोबर झालीय.”

“हं...”

रेवती नुकतीच शिकून गेली होती. व्हायोलिन तसंच चटईवर होतं. ताईंनी ते उचललं आणि एकच सा ओढला. लांब.

बाहेर काही नाही.

त्यांनी खुंटी किंचित सैल केली. पुन्हा सा.

काही नाही.

आणखी सैल. पुन्हा...

पायरीकडून काहीतरी आलं. इतकं बारीक, की उकिडव्यांना वाटलं तारच घुमते आहे. ताईंनी गज उचलला. तार थांबली. ते थांबलं नाही. भरड, घोगरं, एका जागी टेकलेलं.

उकिडव्यांनी डोळे मिटले. त्यांना आनंद व्हायला हवा होता, हे त्यांना तेव्हाही कळत होतं.

“ताई, तुम्हाला खाली यावं लागलं.”

“कुठून?”

“तुमच्या सुरावरून. एका बिघडलेल्या कानासाठी.”

ताईंनी त्यांच्याकडं बघितलं. शेजारच्या गच्चीवर कुणीतरी भोपळ्यावर टिचकी मारत होतं, एक सोडून दुसऱ्यावर, दुसरा सोडून तिसऱ्यावर.

“यंत्र काढा,” त्या म्हणाल्या.

त्यांनी काढलं.

“खोकल्याची जागा लावा.”

पुढंमागं करून त्यांनी ती जागा शोधली. पिशवीतून बारीक पेचकस काढला, भोकात घातला.

“फिरवा.”

“किती?”

“मला काय विचारता?” ताई म्हणाल्या, आणि दाराकडं बघत बसल्या.

उकिडव्यांनी फिरवला. कॅसेटमधल्या ताई एखाद्या कोकरासारख्या खोकल्या.

“नाही,” बाहेरून आवाज आला. शमूनं मागं वळूनही बघितलं नव्हतं.

त्यांनी उलटा फिरवला. ताई पहिलवानासारख्या खोकल्या. खऱ्या ताई गालात हसल्या.

“नाही.”

उकिडव्यांनी डाव्या हातानं उजवं मनगट धरलं. कॅसेट मागं, पुन्हा खोकला. मागं, पुन्हा खोकला.

“नाही.”

“थोडं आलं.”

“आजोबा, परत गेलं.”

आठवडाभरानंतर ती त्यांना ‘आजोबा’ म्हणाली होती. त्यांच्या डोळ्यांपुढं पेचकस पुसट झाला. त्यांनी अंदाजानंच हलवला.

“थांबा.”

ते थांबले.

कॅसेट मागं घेऊन त्यांनी पुन्हा लावली. गत संपत आली. ताई खोकल्या. आणि पायरीवर, नेमक्या त्याच जागी, एक छोटा खोकला झाला.

ताईंनी मांडीवरचं व्हायोलिन उचलून सा ओढला. कॅसेट आणि तार यांत आता पाणीसुद्धा शिरलं नसतं.

शमू उठून आत आली. ताईंच्या शेजारी बसली आणि तिनं कोपऱ्यातलं आपलं छोटं व्हायोलिन ओढून घेतलं, कुणी सांगितलं नव्हतं तरी.

एवढ्यावर उठायला हवं होतं. पण उकिडव्यांची काळजी एका जागेवरून उठली की दुसऱ्या जागी जाऊन बसते.

“म्हणजे ताई, आपण जिथं चूक होती तिथंच परत आलो. हे आता असंच ठेवायचं? रेवतीचं बरोबर, आणि हिचं...”

“डॉक्टर, ती कॅसेट मी हिला दिली होती.”

“हो.”

“तुम्हाला नव्हती दिली.”

उकिडव्यांनी मान खाली घातली. लुडबूड केली म्हणून बोलल्या, असं त्यांना वाटलं. बोलणं रास्तच होतं.

“निदान स्क्रूपाशी खूण तरी करून ठेवतो,” ते म्हणाले. “पुन्हा हलला तर...”

“कशाला? ही आहे ना घरात.”

निघताना शमू पुढं पळाली. गल्लीच्या कोपऱ्यावर जाऊन तिनं मागं वळून हाक मारली, “ताईऽऽ... जातेऽऽ...” ताईंनी दारातून हात हलवला. उकिडवे चपला घालत होते. त्यांनी खाली बघतच, हळू आवाजात, सकाळचा तो प्रश्न पुन्हा विचारला.

या खेपेला ताईंनी उत्तर दिलं. दोन शब्द. उकिडव्यांना ते धीराचे वाटले. बसमध्ये शमू खिडकीला नाक लावून गुणगुणत होती, ते तिला काही म्हणाले नाहीत. ‘ऐक’ तर नाहीच.

पुढं बरीच वर्षं गेली. शमू वाजवते, चांगलं वाजवते. अंबूताई गेल्या. कुमुदबाई गेल्या. कागवाड्यांनी घर विकायला काढलं तेव्हा रेवती सामान आवरायला आली होती. जुन्या खोक्यात तिला तिची कॅसेट सापडली.

“काका, तुमच्याकडं ते यंत्र आहे ना अजून? वाजते का बघता?”

यंत्र होतं. त्या दिवसानंतर स्क्रूला कुणी हात लावला नव्हता. उकिडव्यांनी रेवतीची कॅसेट त्यात घातली. त्यांच्या यंत्रात ती कधीच घातलेली नव्हती, हे तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी कुमुदबाईंची पेटी उघडली.

काळी दोन.

त्यांनी ती काढून शमूची घातली.

काळी एक.

पुन्हा रेवतीची. पुन्हा शमूची. यंत्र एकच, स्क्रू एकच, सकाळ एकच. फरक होता तेवढाच राहिला, पुरा एक स्वर. प्रयोगात एका वेळी एकच गोष्ट बदला, हे त्यांनी तीस वर्षं फळ्यावर लिहिलं होतं. शेजारून एक कॅसेट मागून आणायला त्यांना तेव्हा पाच मिनिटं लागली असती.

“रेवती,” त्यांनी विचारलं, “पहिल्या दिवशी ताईंनी तुला काय करायला सांगितलं होतं, आठवतं?”

“हाक मारायला. कोपऱ्यावरून,” रेवती तिच्या बारीक आवाजात म्हणाली. “मग कॅसेट भरायला आठवडा घेतला. प्रत्येकीची वेगळी भरायच्या ना त्या, तिच्या तिच्या सुरात. तुम्हाला माहीत नव्हतं?”

यंत्र कधीच हळू चालत नव्हतं.

पेटीचा भाता मिटून उकिडवे बसून राहिले. दारात उभ्या अंबूताई, कोपऱ्यावरून येणारी ती घोगरी हाक, हातातली एक चप्पल, आणि आपला तो खालच्या आवाजातला प्रश्न... बिघडला का तिचा कान?

“तिचा नाही,” ताई म्हणाल्या होत्या.